बिनफोडणीचे महिने

वहिनीच्या पोटात पहिल्यांदा कळ आली ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. तिला तेव्हा दोन महिने झाले होते. मी माहेरी परत येऊन दीड वर्ष होत आलं होतं. नवऱ्यानं दुसरी घरात आणली आणि मी माझी दोन लुगडी घेऊन आईकडे आले. कोणी जा म्हणालं नाही, कोणी थांब म्हणालं नाही. तेव्हापासून घरात कुठंही कोणाला पाठवायचं झालं की माझंच नाव निघायचं. बाकी सगळ्यांना आपापली कामं होती.

आमचं घर ढिवराचं. मूल या तालुक्याच्या ठिकाणापासून बैलबंडीनं अर्ध्या दिवसावर आमचं गाव, आणि गावाला लागून मोठा तलाव. भाऊ डोंग्यातून जाळं टाकायचा. पावसाळ्यात आम्ही बाया धानाच्या रोवणीला मजुरीनं जायचो, आणि दिवाळीच्या आगेमागे तलावातले शिंगाडे काढून उकडायचो. मी चौथी शिकले होते. घरात अक्षर ओळखणारी मी एकटी. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं त्यामुळेच माझ्या गळ्यात पडलं.

पोळ्याला आईनं करंज्या तळल्या होत्या. वहिनीनं चांगल्या चार-पाच खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेणाची पाटी खाली ठेवून तिथंच गोठ्यात बसली. उजव्या बरगडीखाली हात दाबून धरला होता आणि घाम सुटला होता. मी जवळ गेले तर म्हणाली, "बाई, पाठीत कोणी खुटा ठोकून राह्यलं असं वाटते." मग दोनदा ओकली. दुपारपर्यंत कळ थांबली. आई म्हणाली पोटुशीचं पित्त आहे, होतंच असं. वहिनीचं पहिलं पोर सहाव्या महिन्यात पोटातच गेलं होतं, म्हणून या वेळी आई तिला जपत होती. जपणं म्हणजे खाऊ घालणं. शेजारून तूप मागून आणायची, मरळ तेलात परतून वाढायची. वहिनी खायची आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा पोट धरून बसायची.

दसऱ्यानंतर गावातल्या एका म्हातारीनं डाग द्यायला सांगितलं. आमच्याकडे पोटदुखीला हा उपाय जुना आहे. विळा तापवून वहिनीच्या बरगडीखाली दोन डाग दिले. मी तिचे पाय धरले होते. डागांची आग इतकी झाली की आतली कळ काही दिवस कोणाच्या ध्यानात राहिली नाही. दिवाळीत मात्र ती गडबडा लोळली. दोन दिवस पाणीही पोटात ठरेना. भावानं बंडी जुंपली. मूलच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला तपासून चांद्याला न्यायला सांगितलं. भावानं माझ्याकडं पाहिलं. मी गाठोडं बांधलं.

मूलहून छोट्या रेल्वेगाडीनं आम्ही तिघं चांद्याला गेलो. तिथल्या मोठ्या दवाखान्यात ज्यांनी तिला पाहिलं ते डॉक्टर पन्नाशीचे होते, हळू बोलणारे. त्यांनी तिला खाटेवर निजवलं, उजव्या बरगडीखाली बोटं रोवली आणि खोल श्वास घ्यायला सांगितला. वहिनीनं श्वास घ्यायला सुरुवात केली आणि मधेच तोंड वासून थांबली. तिला पुढं घेताच येईना. डॉक्टरांनी मान हलवली. मग त्या दोन डागांवरून बोट फिरवलं. माझी मान खाली गेली.

त्यांनी समजावून सांगितलं ते मला अजून आठवतं, कारण त्याआधी कोणी डॉक्टर आमच्याशी इतकं बोलला नव्हता. यकृताला लागून एक लहान पिशवी असते, तिच्यात पित्त साठतं. तेलतूप पोटात गेलं की ती पिशवी आवळते आणि पित्त खाली सोडते. हिच्या पिशवीत खडे झालेत. पिशवी आवळली की एखादा खडा तोंडाशी येऊन अडकतो आणि कळ येते. पोटात मूल असताना असे खडे पुष्कळ बायांना त्रास देतात. एक्स-रे फोटो काढला असता, पण मुलाला नको म्हणून हाताला लागतं त्यावरूनच सांगतोय, असं ते म्हणाले.

भावानं विचारलं, मग करायचं काय. डॉक्टर म्हणाले, कापून पिशवी काढता येते. पहिल्या महिन्यांत कापलं तर मूल पडायची भीती, शेवटच्या महिन्यांत पोटच आडवं येतं. करायचंच तर हे मधले महिने त्यातल्या त्यात बरे. पण न कापता बाळंतपणापर्यंत निभावलं तर ते आणखी बरं. त्यासाठी खाणं कडक पाळावं लागेल.

भावानं वहिनीकडं पाहिलं. वहिनीच बोलली. "मले फाडू नका, डॉक्टरसाहेब. हे पोर होऊन जाऊ द्या. मंग काय करायचं ते करा."

डॉक्टरांनी कागदावर लिहायला घेतलं. तेल, तूप, लोणी, नारळ, शेंगदाणे, तळलेलं, अंड्याचा बलक, मटण, सगळं बंद. पेज, भात, वरणाचं पाणी, उकडलेली भाजी, उकडलेला साधा मासा. थोडं थोडं, चार-पाच वेळा. कळ आली तर खाणं थांबवायचं आणि बाटलीतलं कडू औषध द्यायचं. आणि सगळ्यात खाली एक ओळ ओढून लिहिलं की डोळे पिवळे झाले, लघवी काळपट झाली, शौचास पांढरं झालं किंवा थंडी वाजून ताप आला, तर एक दिवसही न थांबता इकडे यावं. कागद त्यांनी भावापुढं धरला. भाऊ म्हणाला, "तिले द्या. ते वाचते." आणि कागद माझ्या हातात आला.

नऊ-दहा दिवस तिला दवाखान्यात ठेवलं. मागच्या आवारात तीन दगडांची चूल मांडून मी पेज शिजवायची. तिथं आणखी पाच-सहा घरांची माणसं रांधत असायची, त्यांच्या कढयांतून फोडणीचा वास सगळ्या आवारभर पसरायचा. वहिनी पेज पिताना त्या दिशेला तोंड करून बसायची. मी तिला उठवून दुसरीकडे बसवायची.

घरी आल्यावर खरं काम सुरू झालं. जवसाच्या तेलाचा हात जिथं तिथं लागलेला असतो, म्हणून मी तिच्यासाठी नवं गाडगं घेतलं आणि वेगळी चूल घातली. तिचा मासा मी चिंच, मीठ आणि तिखट घालून नुसता उकडायची. भाजी तशीच. शिंगाड्यांचे दिवस होते म्हणून बरं, उकडलेले शिंगाडे तिला चालायचे. ते ती पोटभर खायची. शिंगाडे संपल्यावर वाळवलेल्यांचं पीठ करून त्याची लापशी पाण्यात शिजवली. सकाळी धानाच्या कापणीला जायच्या आधी तिचं रांधायचं, दुपारी शेतातून धावत यायचं, पुन्हा रांधायचं, परत जायचं. आईवर सोपवून पाहिलं होतं एकदा. आईनं वरणात चमचाभर तूप घातलं. "एवढ्यानं काय होते?" म्हणाली. दुसऱ्या दिवशी वहिनी दुपारपर्यंत वाकून बसली होती.

कळ यायची थांबली नाही, पण कमी झाली. महिन्यातून एकदा, तीही तासा-दोन तासांची. पोट वाढत होतं आणि तोंड मात्र वाळत होतं. गालाची हाडं वर आली. विहिरीवर बाया बोलायला लागल्या की नवऱ्यानं टाकलेली नणंद भावाच्या पोटुश्या बायकोला उपाशी मारून राहिली, हिला स्वतःला पोर नाही ना. हे माझ्या कानावर यायचं. वाईट वाटायचं म्हणावं, तर तेवढी उसंतही नव्हती. आईलाही त्यातलं थोडं खरं वाटत असावं. ती माझ्याशी कमी बोलायची.

वहिनी आणि मी एका वयाच्या. आधी आमचं चांगलं जमायचं. तलावात कमरेएवढ्या पाण्यात शिंगाडे तोडताना दिवसभर बोलत असायचो. त्या हिवाळ्यात आमच्यात दुसरं बोलणंच उरलं नाही. तिनं मला काय खाऊ म्हणून विचारायचं आणि मी नाही म्हणायचं. कधीतरी तर ती विचारायच्या आधीच मी नाही म्हणायची.

सातव्या महिन्यात तिच्या माहेरचे ओटी भरायला आले. तिच्या आईनं टोपलीभर वडे आणि पुऱ्या तळून आणल्या होत्या. बाया जमल्या, वहिनीला पाटावर बसवलं, पुढ्यात ताट ठेवलं. तिनं एक वडा उचलला. मी तिच्या हातातून तो काढून घेतला आणि ताट उचललं. सगळ्या बायांसमोर. वहिनी म्हणाली, "बाई, आज एक दिवस तरी." मी म्हटलं, "नाई." आणि पेजेचं गाडगं आणून पुढं ठेवलं. तिची आई पदर डोळ्यांना लावून बसली. वहिनीनं पेजेला हात लावला नाही. बाया लवकर उठून गेल्या.

त्यानंतर दहा-बारा दिवस गेले असतील. वहिनी सारखी अंग खाजवताना दिसायला लागली. तळहात, तळपाय, पोट. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं आंघोळ घातली तरी थांबेना. गोणपाटाचा तुकडा घेऊन ती पाठ घासायची, अंगावर ओरखडे उठले होते. मग एका सकाळी तिनं मला हळूच सांगितलं की लघवी चहासारखी होऊन राहिली. मी तिला अंगणात उजेडात नेलं आणि डोळ्याची खालची पापणी ओढली. हळदीचा रंग होता.

आईनं काविळीची माळ आणायला माणूस पाठवला. गळ्यात घालायची ती वनस्पतीची माळ, दिवसादिवसानं वाढत जाते, बेंबीपर्यंत उतरली की कावीळ उतरली म्हणतात. माळ गळ्यात घालून झाली. चार दिवस वाट पाहू असं आईचं म्हणणं होतं, आणि भाऊही तसाच म्हणत होता. त्याच दुपारी वहिनीला हुडहुडी भरली. तीन गोधड्या घालूनही दात वाजत होते. मी कोनाड्यातून कागद काढला आणि शेवटची ओळ भावाला मोठ्यानं वाचून दाखवली. एक दिवसही न थांबता. ती मी दोनदा वाचली. भाऊ बंडी जुंपायला गेला.

बंडीत वहिनी माझ्या मांडीवर डोकं ठेवून निजली होती. ताप इतका की माझी मांडी भाजत होती. आणि मी तिला विचारलं. तिच्या आईनं आणलेल्या वड्यांतले काही घरात राहिले होते, ते माझ्या डोक्यात दहा दिवस घोळत होतं. मी म्हटलं, "वैनी, खरं सांग. तू लपून खाल्लं का?"

तिनं डोळे उघडले. "देवाशपथ नाई खाल्लं."

"मंग हे काऊन झालं?"

तिनं पुन्हा डोळे मिटले. मी तिथंही थांबले नाही. मी म्हटलं, तीन महिने मी हाडं झिजवली आणि तू एका वड्यापायी सगळं घालवलंस. भाऊ पुढं बसून बैल हाकत होता, त्यानं ऐकलं, पण मागं वळून पाहिलं नाही. मूलच्या स्टेशनावर आम्ही गाडी धरली.

चांद्याला त्याच डॉक्टरांनी तिला पाहिलं. खडा पिशवीतून निघून पित्ताच्या नळीत उतरला होता. पित्ताला वाट नाही म्हणून ते रक्तात चढलं, आणि साचलेल्यात जंतू झाले म्हणून ताप. त्यांनी शिरेतून सलाइन लावलं, पेनिसिलिनची सुई दर काही तासांनी सुरू केली, रक्त नीट गोठावं म्हणून आणखी एक सुई दिली. नर्सबाई लाकडी नळी पोटाला लावून मुलाचे ठोके ऐकायची. ठोके होते. तीन दिवस आम्ही तापाकडं पाहत बसलो. उतरायचा, पुन्हा हुडहुडी भरून चढायचा.

तिसऱ्या दिवशी मी व्हरांड्यात डॉक्टरांना गाठून विचारलं, तिनं तेलकट खाल्लं म्हणून झालं का हे?

डॉक्टर म्हणाले, "खडा उतरायचा तर पेज खाणाऱ्याचाही उतरतो, बाई. पथ्यानं कळा कमी होतात, खडे विरघळत नाहीत. तुम्ही इतके महिने रेटलंत हेच पुष्कळ झालं." मग ते पुढच्या खाटेकडं गेले. मी तिथंच भिंतीला टेकून बसले. मला रडूही आलं नाही, इतकी मी थकले होते. इतके महिने मी त्या कागदाला धरून होते आणि कागदात हे लिहिलेलं नव्हतं.

ताप हटेना तेव्हा डॉक्टरांनी भावाला बोलावलं. मोठं ऑपरेशन या अवस्थेत तिला झेपणार नाही, म्हणाले. पण लहानसा छेद घेऊन, पिशवी उघडून, हाताला येतील तेवढे खडे काढता येतील आणि पिशवीत रबराची नळी ठेवून पित्ताला बाहेर वाट करून देता येईल. पूर्ण भूल द्यायची नाही, तेवढाच भाग बधिर करायचा, म्हणजे मुलालाही धोका कमी. पिशवी काढायचं काम नंतर कधीतरी. ज्यावर अंगठा द्यायचा तो परवानगीचा कागद भावानं मला वाचायला सांगितला. मी वाचला. मग मी वहिनीकडे गेले आणि तिला विचारलं. गेल्या वेळी फाडू नका म्हणाली होती. या वेळी ती म्हणाली, "करा. मले आता अंग उचलत नाई."

आत ऑपरेशन चालू असताना ती जागीच होती. नंतर तिनं सांगितलं की दुखत नव्हतं, पण कोणीतरी पोटात हात घालून चिंध्या शोधून राहिलं असं वाटत होतं. बाहेर आणली तेव्हा तिच्या बरगडीखालून, त्या डागांच्या अगदी जवळून, एक नळी निघून खाटेखालच्या बाटलीत गेली होती. बाटलीत गडद हिरवट-पिवळं पित्त उतरत होतं. नर्सबाईनं कापसावर ठेवलेले खडे दाखवले. तुरीच्या दाण्याएवढे, काळपट, आठ-नऊ होते. मी ते हातात घेतले नाहीत.

दोन दिवसांत ताप गेला. डोळ्यांचा रंग उतरायला आठवडा लागला. खाज थांबली. शौचाचा रंग बदलला तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी नर्सबाईला बोलावून दाखवलं. रोज बाटली रिकामी करायची, किती भरली ते नर्सबाईला सांगायचं, तिचे कपडे झरपट नदीवर नेऊन धुवायचे, चूल पेटवायची, पेज. भाऊ जाळ्याच्या कामासाठी गावी परत गेला होता. मी व्हरांड्यात गोणपाटावर पडायची, पण झोप अशी नव्हतीच. कोणी कण्हलं की मला वहिनीच वाटायची.

एका दुपारी मी तिच्या केसांतला गुंता सोडवत होते. मी म्हटलं, "वैनी, बंडीत मी बोलली ते खोटं होतं. डॉक्टर म्हणाले, तुह्या खाण्यानं नाई झालं."

 ती म्हणाली, "मले माहीत होतं. मी खाल्लंच नव्हतं ना." आणि थोड्या वेळानं, "ताट उचललं ते मातर मले अजून लागते, बाई. माह्या मायसमोर."

मी गुंता सोडवत राहिले.  माफ कर म्हणायची आमच्यात रीत नव्हती. तिनं पाणी मागितलं.

होळीच्या दोन दिवस आधी तिला कळा लागल्या. दिवस भरायला तीन आठवडे बाकी होते. नळी तशीच होती. नर्सबाईनं ती पोटाला पट्टीनं बांधली आणि दिवसभराच्या कळांनंतर संध्याकाळी मुलगी झाली. एवढीशी, लाल, सुरकुतलेली. रडली मात्र. तिला ओढायला ताकद नव्हती, म्हणून वहिनीचं दूध वाटीत काढून कापसाच्या बोळ्यानं मी तिच्या ओठांवर पिळायची. आठ दिवसांनी ती स्वतः ओढायला लागली. नळी काढल्यावर ते भोक चार-पाच दिवस झिरपत राहिलं आणि मग मिटलं.

भाऊ न्यायला आला आणि आम्ही निघालो तेव्हा चैत्र लागला होता. महाकालीच्या यात्रेची माणसं चांद्यात उतरायला लागली होती, स्टेशनात पाय ठेवायला जागा नव्हती. वहिनी मुलीला पदराखाली घेऊन फलाटावर बसली. मी गाठोड्यावर बसून जी झोपले ती गाडी आल्यावर भावानं हलवून उठवलं तेव्हा जागी झाले.

पिशवी काढायचं राहिलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मूल थोडं मोठं झालं की या, नाहीतर पुन्हा खडे होतील. उन्हाळा आणि पावसाळा पुन्हा बिनफोडणीचाच गेला, पण आता वहिनी स्वतःच पाळायची. मला सांगावं लागत नव्हतं. धान घरात आल्यावर भाऊ तिला घेऊन निघाला. त्यानं सवयीनं माझ्याकडं पाहिलं. मी काही म्हणायच्या आधी वहिनीच म्हणाली की या वेळी माही माय येते, बाईले राहू द्या. राग म्हणून म्हणाली की दया म्हणून, ते मी तिला कधी विचारलं नाही. मुलगी माझ्याजवळ ठेवून ते गेले. तीन आठवड्यांनी वहिनी बरगडीखाली वीतभर शिवण घेऊन परत आली. पिशवी काढली होती. त्यानंतर तिला तशी कळ पुन्हा कधी आली नाही. पुढं तिला आणखी दोन मुलं झाली, ती घरीच झाली.

आमच्यातलं बोलणं हळूहळू परत आलं, पण आधीसारखं सैल कधी झालं नाही. ती माझ्यासमोर जेवायला बसली की ताट थोडं स्वतःकडे ओढून घ्यायची. तिला ते कळत नसावं. मला दिसायचं.

मुलगी झाली त्याच उन्हाळ्यात भावानं माझ्यासाठी पाटाचं, म्हणजे दुसऱ्या लग्नाचं, एक स्थळ आणलं होतं. बायको वारलेला, दोन मुलांचा बाप, वैनगंगेच्या काठचा ढिवर. माणूस चांगला होता म्हणे. भाऊ म्हणाला, किती दिवस आमच्यापायी राबशील. मी त्याला सांगितलं की एवढं वर्ष जाऊ दे, मला आता कोणाचंच रांधायचं नाही. त्यानं जास्त ताणलं नाही. पुढच्या वर्षी त्याच घरून पुन्हा निरोप आला, तेव्हा मी हो म्हटलं.